पद्मिनीताई पुन्हा मैदानात

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या पद्मिनी दाणी शाळेत असताना खो-खो खेळायच्या. पुढे विमा कचेरीत नोकरी लागली आणि सगळी उमर खुर्चीत गेली. पन्नाशी उलटल्यावर मराठी मंडळाच्या संमेलनात बायकांचा खो-खो ठरला, तेव्हा पहिलं नाव त्यांनीच दिलं.

सरावाला पाठीवर थाप पडली, "खो!" त्या उठून झेपावल्या आणि उजव्या जांघेत अशी चमक निघाली की तिथेच बसल्या. शेजारच्या शर्मिष्ठाबाईंना हसू आवरलं नाही. लेक क्षमाने स्कूटीवरून घरी आणलं.

"मम्मी, अब बस करो."

"काहून बस? म्हातारी झाली का मी?" त्या फणकारल्या. पण जिना चढताना पाय उचलेना, तेव्हा डोळे भरून आले.

फिजिओथेरपिस्ट गंधालीने त्यांना टेबलावर उताणं निजवून एक गुडघा छातीशी धरायला लावला. दुसरी मांडी टेबलाला टेकायला हवी होती. ती अधांतरीच राहिली.

"बसून बसून कमरेच्या पुढचे स्नायू आखडलेत, काकू. त्यात थंड अंगानं एकदम धावलात."

"मंग मी खेळू नको?"

"दुखणं थांबलं की खेळा. पण आधी अंग तापवा, मग हळूहळू ताण द्या."

दुखणं ओसरल्यावर घरी सराव सुरू झाला. आधी अंगणात भरभर फेऱ्या. मग सतरंजीवर एक गुडघा टेकवून दुसरं पाऊल पुढे, पाठ ताठ, वजन अलगद पुढे. टेकलेल्या पायाच्या जांघेत ओढ जाणवली की तिथेच थांबून श्वास सोडायचा, हिसका द्यायचा नाही. पहिल्यांदा त्यांचा तोल गेला. क्षमाने खांदा दिला, "आराम से, मम्मी."

सामन्याच्या दिवशी त्या लवकर पोचून मैदानात गुडघे उचलत चालू लागल्या.

"हे काय करून राहिल्या, ताई?" शर्मिष्ठाबाईंनी विचारलं.

"अंग तापवून राहिली. तुम्हीबी या. मले जे झालं ते तुमाले नको."

शर्मिष्ठाबाई जरा ओशाळल्या, मग पदर खोचून मागे चालू लागल्या. हळूहळू सगळ्याच आल्या.

पद्मिनीताईंनी त्या दिवशी एक गडी बाद केला. धापा टाकत, मातीने माखलेल्या हातांनी त्यांनी क्षमाला मिठी मारली. संघ मात्र हरला, आणि त्याची हळहळ त्यांना आठवडाभर पुरली.