दहा वेळचा उजेड

परवा पनवेलला ताईकडे माळा आवरताना भावोजींचा कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश सापडला. आतले सेल गळून गंजले होते. तरी तो मला बाजूला टाकवेना.

ताईच्या लग्नाआधी भावोजी नुसते फोटोग्राफर होते. उलव्याच्या एका हळदीत हा फ्लॅश माझ्यावर दहादा लखलखला आणि ताईवर एकदाच. मी तिला रात्रभर चिडवलं. महिन्याने अल्बम आला. ताई पानभर, मी कुठेच नाही.

"पावने आयकत नाय, रोल पुरत नाय," ते हसत म्हणाले. "मंग फोटो न काढता नुसता फ्लॅश मारायचा."

ताईपुरता रोल होता.

"भंगारात टाक गं तो," परवा ताई म्हणाली.

मी तो माझ्या पिशवीत घातला. फोटो तिचा, नवराही तिचा. तो उजेड तरी माझा होता.