स्लोवर बंद पडणारी गाडी

आमच्या पिकअपला दुसरं इंजिन बसवायचं डोकं माझं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे महिनाभर घरात मला ते कोणी विसरू दिलं नाही. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वडिलांनी भिवंडीतलं पॉवरलूमवरचं काम सोडून बराच काळ झाला होता. टेमघरच्या कारखान्यांतून कापडाचे तागे उचलायचे आणि राहनाळच्या गोदामांत पोचवायचे, हा त्यांचा धंदा. गाडी जुनी होती. नुसती उभी असली तरी थंडी भरल्यासारखी हलायची. शेवटी इंजिन डिझेलपेक्षा ऑइल जास्त प्यायला लागलं, तेव्हा मी अपघातात चेपलेल्या एका गाडीचं, कमी चाललेलं इंजिन शोधून आणलं. इंजिनाखालचे रबरसुद्धा नवे टाकले. मिस्त्रीने चावी फिरवली, तर बोनेटवर ठेवलेल्या ग्लासातला चहा जेमतेम हलला. तो ग्लास मी गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येकाला दाखवला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मला तीनच मिळाले. तिसऱ्या दिवशी वडील घरी आले आणि हातपाय न धुताच म्हणाले, "तुजा इंजन स्लोवर बंद परतं."

एक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन जे हळू चालू राहतं, त्याला आमच्याकडे स्लो म्हणतात. स्लोवर बंद पडणारी गाडी भिवंडीत काही कामाची नाही, कारण भिवंडीत गाडी बहुतेक वेळ स्लोवरच असते. मी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री जौनपूरकडचा, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. गाडी त्याच्या दारात अर्धा तास स्लोवर उभी राहिली, पण बंद पडली नाही. तरी गिऱ्हाईक आलंय म्हणून त्याने पाइपातली हवा काढली आणि डिझेलचा फिल्टर बदलला.

"आजपन परली. दोनदा," संध्याकाळी वडील म्हणाले.

मग पाइप बदलला, नोझल तपासून आणले. चुलत्यांपासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत प्रत्येकाला इंजिनातलं कळायला लागलं. कोणी म्हणे पंप गेला, कोणी म्हणे मेलेल्या गाडीचं काळीज दुसऱ्या गाडीला मानवत नाही. उस्तादने स्लोचा स्क्रू अर्धा फेरा पिळला, पुढच्या खेपेला आणखी अर्धा. इंजिन आणखीच सुरळीत चालायला लागलं आणि वडिलांच्या हातात आणखीच बंद पडायला लागलं. माझ्या हातात ते एकदाही बंद पडलं नाही. मला वाटलं, यांना माझं इंजिन नकोच आहे. लेकाने केलेलं काही चांगलं म्हणायचं नाही, असा त्यांनी पणच केलाय. मी चिडलो, दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, म्हणून आणखी चिडलो.

महिन्याभराने सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन चालू करणारा स्टार्टर, बिघडला. उस्तादने तो खोलला, त्याचे दात बोटाने चाचपले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू चोरी मीच केलीय.

"ये गाडी बंद होती ही नहीं. चालू गाडी पे कोई सेल्फ मार रहा है."

चालू गाडीला सेल्फ मारला तर असा खरखराट होतो, की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो. चुकून एकदा होतं, पण रोज दोनदा कोण मारील? सेल्फ दुरुस्त करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी वडिलांबरोबर गाडीत बसलो.

मानकोली नाक्यावर नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. वडिलांनी पाय काढला. इंजिन शहाण्यासारखं मंद चालू होतं. वडिलांनी तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला. डॉक्टर छातीवर ठेवतो तसा थोडा वेळ ठेवला. मग मान हलवली. "बग, परली बंद," म्हणाले, आणि चावी फिरवली.

खर्रर्र! पुढचा रिक्षावाला मागे वळला. वडिलांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"बाबा, चालू आहे गाडी," मी म्हणालो. ते समोर बघत होते. मी पुन्हा म्हणालो, जोरात. तरी ते समोरच बघत होते. त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा वळले, आणि त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नाही, ओठांवर आली.

पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान जातात, हे भिवंडीत शेंबडं पोरही सांगेल. फक्त आपल्याच घरातल्या माणसाचे गेले असतील, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. लूमवरचे कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात, आणि बाहेर अख्खं गाव ओरडून बोलतं, त्यामुळे बहिऱ्याचं सहज खपून जातं. वडील आम्हाला लहानपणापासून दरडावायचे, "समोर तोंड कर ना मंग बोल." आम्ही त्याला शिस्त समजत होतो. गाडीचा आवाज त्यांनी किती वर्षांत ऐकलाच नव्हता. जुनं इंजिन थरथरायचं ते हाताला कळायचं, एवढंच. इंजिन बंद पडलं की लागणारा डॅशबोर्डवरचा दिवा कधीच गेलेला होता. मी थरथर काढून टाकली आणि त्यांना आंधळं केलं. आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशा थाटात महिनाभर पाइप बदलत बसलो. मला माझी लाज वाटली, आजही वाटते. मी त्यांच्या पाठीमागे किती बोललो असेन, आणि उत्तर आलं नाही म्हणून किती राग धरला असेन.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "मना ठाव हाय. लय वर्सांपासना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इंजन बदलत होतात. मी काय मेकॅनिक हाव?"

गाडी काढून घेतली तर ते घरात बसतील, आणि घरात बसलेला बाप मला बघवला नसता. म्हणून मी पुन्हा उस्तादकडे गेलो. नवे रबर काढ, ते जुने दगड झालेले बसव, आणि स्लो इतका कमी कर की गाडी हलली पाहिजे, असं सांगितलं. त्याने दोनदा विचारून खात्री केली. "तीस साल से लोगों की गाडी की थरथर निकाल रहा हूँ. डलवाने आप पहले आए हो." त्याच्या धंद्याला बट्टा लागल्यासारखं तोंड करून त्याने काम केलं.

वडिलांनी दांड्यावर हात ठेवला. गाडी आरशासकट थडथडत होती. "आता सुदरली," ते म्हणाले. माझ्या इंजिनाला त्यांनी दिलेलं पहिलं प्रशस्तिपत्रक ते.

आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी ते दुपारीच परत आले. गाडी नीट लावली, आत आले आणि चावी माझ्या हातात दिली.

"उद्यापासना गारी तू चालव, नायतर ड्रायवर ठेव."

"पुन्हा बंद पडली?"

"न्हाय. गारी झ्याक हाय. राहनालच्या रस्त्याला मांगं कंटेनरवाला होता. कवाचा हॉर्न मारत आसल. मना आयकू न्हाय आला. आरशात त्याचा तोंड दिसला, तवा कललं." मग हसले. "शिव्या सगल्या कलल्या."

चावीकडे बघत, मान खाली घालून मी "बरं" म्हणालो. मग मान वर केली, त्यांच्या समोर तोंड केलं आणि पुन्हा म्हणालो, "बरं, बाबा."