ताजिर नव्हे, कल्हईवाला

माझे आजोबा व्यापारी नव्हते. हे वाक्य मी आमच्या ओमानमधल्या सोहारच्या घरात इतक्यांदा उच्चारले आहे की आता कोणी जेवता जेवता मानही वर करीत नाही. म्हणून लिहून ठेवतो. ते कल्हईवाले होते. रत्नागिरीकडच्या एका खाडीतून गलबताने मस्कतला उतरले, उंटांच्या तांड्याबरोबर रुस्ताकला गेले आणि तिथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, भट्टी लावून जन्मभर लोकांच्या तांब्याच्या भांड्यांना कल्हई करीत राहिले. माझा थोरला भाऊ गावी आजीपाशी वाढला. मला मात्र वडिलांनी लहानपणीच रुस्ताकला आणले. त्यामुळे हे मी ऐकलेले नाही, पाहिलेले आहे.

लग्नाच्या मोठ्या देगा आल्या की आजोबा पायांना गोणपाट गुंडाळून आत उतरत, भिंतीतल्या खुंटीला धरत आणि ओल्या वाळूवर सगळे अंग गरगर फिरवून तळ घासून काढत. बघे जमत, टाळ्या वाजवत, हिंदुस्थानी म्हणून त्यांना ‘हिंदी’ अशी हाक मारत.

“यल्ला, हिंदी, नाच!”

“नाचतो, अर्बाब,” आजोबा देगेतूनच तिच्या मालकाला म्हणत, “मी नाचलो नाही, तर तुझ्या पोराच्या लग्नात सगळे वऱ्हाड ओकेल.”

मग भांडे तापे, नवसागराचा पांढरा धूर उठे, आणि आजोबांच्या हातातल्या कापसाच्या बोळ्यामागून कथलाची झळाळी काळ्या तळावर धावत जाई. त्याच धुराने त्यांची छाती खाल्ली. असा माणूस गादीवर बसून गिऱ्हाईक करीत होता असे कोणी म्हटले, तर मी गप्प का बसावे?

भावाचा मुलगा इथल्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर आहे. स्वतः दिवसभर वितळलेल्या धातूपुढे उभा असतो. पण पणजोबा कल्हईवाले होते म्हटले की पाहुण्यांसमोर विषय बदलतो. गेल्या महिन्यात त्याने संगमरवराची पाटी करवून घेतली. आजोबांचे नाव आणि खाली ‘ताजिर’, म्हणजे व्यापारी. ती रुस्ताकच्या कबरीवर लावायची होती. इथे कबरीवर नाव नसते, नुसते अनघड दगड उभे करतात, हे मी सांगून पाहिले.

“चाचा, छोटीशीच आहे,” तो म्हणाला.

तो शब्द अडवायचाच, या निश्चयाने मी त्याच्या गाडीत बसलो.

कब्रस्तानात तो तडक भिंतीजवळच्या एका कबरीपाशी गेला, पाटी टेकवली आणि दोन्ही हात उचलून फातिहा पढू लागला. तो संपेपर्यंत मी थांबलो.

“कोणासाठी पढलास?”

“पणजोबांसाठी. अब्बा सांगायचे, भिंतीजवळ आहे. आणि बघा ना, बाकीच्यांना दोन-दोन दगड, हिला तीन. मोठ्या माणसाचीच असणार.”

“तीन दगड इथे बाईच्या कबरीला लावतात, गाढवा. कुणाच्या तरी आजीला व्यापारी करायला निघालास.”

तो ओशाळला. मागच्या रांगेतल्या दोन दगडांपाशी मी त्याला नेले. तिथे मी माझ्या हाताने माती लोटली होती. जिंकल्याचा आनंद मला झाला, तो मी लपवलाही नाही. त्याच जोरावर म्हणालो, “आता तो शब्दही खोडून आण.”

“शब्द माझा नाही, चाचा.” पाटी छातीशी धरून तो उभा होता. “सुट्टीवर आले की पणजोबा स्वतःच गावात सांगायचे, रुस्ताकला माझी तांब्याच्या भांड्यांची पेढी आहे म्हणून. अब्बांनी त्यांच्या मांडीवर बसून ऐकलंय. मग खोटं कोण बोललं? अब्बा की ते?”

 मला रुस्ताकच्या फलजचा, डोंगरातून आणलेल्या पाण्याचा, पाट दिसू लागला. गावी निघण्याच्या आदल्या दिवशी आजोबा त्या पाटाच्या काठावर लिंबू आणि वाळू घेऊन बसत. नखांतला काळा मळ निघेपर्यंत घासत, रक्त आले तरी घासत. मग नवा सदरा, कानात अत्तराचा फाया. घरी जाण्याचा आनंद असा असतो, असे मला तेव्हा वाटे आणि परवापर्यंत वाटत होते.

“मग काय लिहू?” पुतण्याने विचारले. त्याच्या आवाजात टोमणा असता तर बरे झाले असते.

“काही लिहू नकोस.”

परतीच्या वाटेवर डिकीत ती पाटी प्रत्येक धक्क्याला वाजत होती. 

आजोबा कल्हईवाले होते. हे मी कालही म्हणालो, उद्याही म्हणेन. पण आता तसे म्हणताना समोर पुतण्या दिसत नाही. पाटाच्या काठावर पाठमोरे बसून नखे घासणारे आजोबा दिसतात. आणि ते ऐकून मागे वळतील या भीतीने माझा आवाज आपोआप खाली येतो.