संपतचा पहिला पेग

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची पोस्ट काश्मीरमध्ये बर्फात होती. मी हवालदार, गाव न्हावरे. नोव्हेंबरात सिपाही संपत आला. वय वीस, गाव खुटबाव. त्याला धरून आम्ही अकरा झालो. आपल्या मुलखातल्या माणसाला फौजेत गिराईं म्हणतात, आणि गिराईंला सांभाळायचं असतं. मी त्याला कसं सांभाळलं ते सांगतो.

संध्याकाळी पाचला रम वाटली जाई. संपत आपला वाटा दुसऱ्याला देऊन टाकी. बाकीचे सगळे उत्तरेकडचे, त्यांच्या गप्पा त्याला उमजत नसत. बर्फाने वाट बंद झाली, पत्रं थांबली. तो जेवायलाही एकटा बसू लागला. मला बघवेना. एके दिवशी मी माझा मग पुढे केला.

"भाऊ, म्या न्हाई घेत. आबास्नी शबुद दिलाय."

"आबा खुटबावात हायती. घे, जरा माणसांत ये."

त्याने घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पत्त्यांत बसवलं. पोरगं पहिल्यांदा हसलं. मलाही बरं वाटलं, मूर्ख होतो.

महिन्याभरात तो दुसऱ्यांचे वाटे मागू लागला. मग टाळ्या वाजवणारेच त्याला टाळू लागले. दोनदा तो सकाळच्या हजेरीच्या फॉल-इनला उठला नाही. सुभेदारसाहेबांना मी सांगितलं, "बुखार है, साब." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटलं.

तिसऱ्या खेपेला, सकाळी सहाला, त्याची स्लीपिंग बॅग रिकामी होती. रेडिओवर खालच्या तळावरून माणसं किती, अशी विचारणा झाली.

"नफरी बताओ. ओव्हर."

"दस हाजिर. एक मिसिंग. ओव्हर."

सहा चाळीसला तो स्टोअरमागे सापडला. बसलेला, कोटाची बटणं उघडी. रिकामा मग शेजारी. रमने ऊब आल्यासारखी वाटते, एवढंच. अंग गार होतच राहतं.

कागदावर 'थंडीमुळे मृत्यू' असं लिहिलं गेलं. वाट बंदच होती, हेलिकॉप्टरने शवपेटी खाली नेली; तिच्याबरोबर मी खुटबावला आलो. अंत्यविधी उरकल्यावर त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं.

"शेवटाला जवळ कोन हुतं का, सायेब?"

मी दहा पावलांवर झोपलो होतो.

"मी होतो, आबा."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मंग एकला न्हाई गेला माजा संपत."

युनिटच्या शहिदांच्या पाटीवर त्याचं नाव नाही. म्हणून इथे लिहितो. सिपाही संपत, खुटबाव, वय वीस. आबाही आता नाहीत, तेव्हा खरं सांगतो. तो एकटाच गेला.