नाल्यापलीकडचा डबा

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात लोक विचारतात, हवालदार साहेब, तुम्ही घटकाभर एका जागी का बसत नाही? मी हसून वेळ मारून नेतो. इथे खरं सांगतो.

लडाखमधली पोस्ट. समोर चीन. मध्ये तार नाही, खांब नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना धास्ती होती की रशिया वरून हिंदुस्थानात उतरेल. म्हणून त्यांनी नकाशावर रेघा ओढल्या. रशिया सरकला की रेघही सरकायची. भांडण दोन पाटलांचं आणि बांध आमच्या शेतात, असला प्रकार.

त्यामुळे पेट्रोलिंगची एक रीत पडली होती. हद्दीच्या शेवटच्या दगडापाशी दुधाचा रिकामा डबा ठेवायचा, त्यावर तारीख. म्हणजे आम्ही येऊन गेलो. समोरचे सिगारेटची पाकिटं ठेवून जायचे.

त्या दिवशी ०६०० ला निघालो. आठ जण, लीडर मी. वाटेत बर्फाच्या पाण्याचा नाला. सकाळी गुडघाभर, दुपारी छातीला लागणारा. १२०० च्या आत तो ओलांडून परत यायचं, हा नियम. धुक्यात मी डबा ठेवला आणि सगळे अलीकडे आलो. १११५ ला धुकं उठलं.

"उस्ताद, आपला दगड त्यो न्हाई. त्याच्या म्होरचा हाय," लान्स नायक मिलिंद म्हणाला. तो डोंगरकडा गावचा. पलटणीत हिंगोलीचे आम्ही दोघंच, एकमेकांशी गावचंच बोलायचो.

दुर्बीण लावली. त्याचं बरोबर होतं. डबा दोनशे पावलं कमी पडला होता. समोरच्यांनी उद्या तिथवरच तुमची हद्द म्हटलं असतं, तर चूक माझी.

"जाऊन येऊ का? घंट्याभराचं काम हाय."

एकट्याला पाठवायचं नसतं. पण एक जवान उंचीचा त्रास होऊन ओकत होता, बाकीचे त्याच्यात गुंतलेले. मला माझी चूक खात होती. १२०० उलटणार हे कळत असूनही "जा," म्हणालो.

१२२० ला वायरलेस वाजला.

"डबा ठुला. येऊन राहिलो. ओव्हर."

"पाणी चढून राहिलं, मिलिंद. पळ. ओव्हर."

"व्हय, उस्ताद."

थांब म्हणायला हवं होतं. पलीकडे रात्र काढली असती तर थंडीने फार तर बोटं गेली असती. मी पळ म्हणालो. १२४० ला तो पाण्यात उतरला. आम्ही दोर फेकला. त्याचा हात दोराला लागलेला मी पाहिला. तीन दिवस शोधलं, तो सापडला नाही.

पुढच्या पेट्रोलला डबा दिसला. बरोबर दगडापाशी, वाऱ्याने उडू नये म्हणून आत खडे भरलेले.

रिटायर झाल्यापासून दरवर्षी डोंगरकड्याला जातो. यंदा त्याच्या वडिलांनी विचारलं,

"ती लाइन काढली कोनी, साहेब?"

"इंग्रजांनी, काका. रशियाच्या भीतीनं."

"मंग रशिया आला का तितं?"

"न्हाई."

"अन् इंग्रज?"

"ते गेले निघून."

मला बसवेना, उठून उभा राहिलो.

"बसा," ते म्हणाले. "म्हंजे माझं लेकरूच तेवढं राह्यलं तितं."