आधी वीज, मग अक्कल

आता काय सांगू तुम्हाला! पंचवीस वर्षं सोलापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवलेला माणूस मी. आणि माझी अब्रू गेली ती कॉम्प्युटरपायीच, तीही माझ्याच विद्यार्थ्यासमोर! चहा घ्या, सांगतो.

काय दिवस होते हो क्लासचे! पोरं चपला बाहेर काढून आत यायची. चार कॉम्प्युटर, चारींवर सोलापुरी चादरी. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहायचो, 'आधी वीज, मग अक्कल.' म्हणजे मशीन चालू होत नसेल तर आधी सगळी बटणं बघा, डोकं नंतर चालवा. हे प्रत्येक बॅचकडून घोकून घ्यायचो.

क्लास बंद केला तेव्हा त्यातला एक कॉम्प्युटर घरी आणला. त्यात आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, यंत्रमागाशेजारचा एकुलता एक फोटो. बहीण बार्शीहून येणार होती, तिला तो हवा होता. दुसरीकडे कॉपी काढून ठेवली होती का? छे! ते ज्ञान फक्त विद्यार्थ्यांसाठी.

दसऱ्यानंतर आठवड्याभराने बटण दाबलं. ढिम्म! कॉम्प्युटरच्या डब्यावर दिवा नाही, आतला पंखा नाही.

वायर बदलली. भिंतीवरचं बटण दहा वेळा खालीवर केलं. मग घसरलो बायकोवर. "फरशी पुसताना पाणी उडवलं असणार तू!"

"मी? अहो, खंडेनवमीपासून मी माहेरी, अक्कलकोटला. कालच तर आले!"

ऐकतोय कोण? मी डबा उघडला. आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. आमच्या धंद्यातला जुना उपाय तो! दुपारपर्यंत निम्मा कॉम्प्युटर चादरीवर पसरला होता. सगळं परत बसवलं, तर दोन स्क्रू उरले आणि मशीन तसंच मुकं.

खरं सांगतो, अण्णांचा तेवढा एकच फोटो होता हो.

शेवटी इरण्णाला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, सात रस्ता चौकात त्याचं दुरुस्तीचं दुकान. आला, पाया पडला. मी रोगाचं निदान आधीच सांगून टाकलं, "मदरबोर्ड गेलाय. बघायची गरजच नाही."

"व्हय सर," म्हणत त्यानं डबा फिरवला आणि थांबला. "सर, मागचं बटण बंद हाय की."

"अशक्य! त्या बटणाला मी कधी हातच लावत नाही. हिनंच केलं असणार!"

"सर, जरा हितं बघता का?"

वाकून बघितलं. बटणावर कुंकवाचं बोट! वाळलेलं, चांगलं ठसठशीत.

आणि सगळं आठवलं. खंडेनवमीला अण्णा माग पुसायचे, हळदकुंकू लावायचे आणि बटण बंद करून म्हणायचे, "आज यंत्राला सुट्टी!" या खंडेनवमीला घरात मी एकटाच होतो, अण्णांची फार आठवण आली. म्हणून कॉम्प्युटर पुसला, हळदकुंकू लावलं आणि मागचं बटण याच हातानं बंद केलं. अगदी अण्णांसारखं!

इरण्णानं बटण दाबलं. पंखा घरघरला. थोड्या वेळानं पडद्यावर अण्णा आले, मागावर हात ठेवून हसणारे. माझे डोळे भरून आले. क्षणभर वाटलं, ते मलाच हसतायत.

इरण्णा खाली मान घालून पुटपुटला, "सर, तुमीच शिकवलं होतं की. आधी वीज..." पुढचं म्हणायची बिचाऱ्याची हिंमत होईना.

"...मग अक्कल," बायकोनं ओळ पुरी केली.

मी गुपचूप ते दोन स्क्रू खिशात टाकले. ती चहा टाकायला आत निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "अहो, त्याला सुट्टी तुम्ही दिलीत. मग कामावर बोलवायला काय अण्णांनी यायचं?"