जमादार आला तेव्हा जावई जेवत होता

माझ्या थोरल्या बहिणीला बऱ्हाणपुराकडे दिली होती. नवरा हाताला लागेल त्याने मारायचा. तिथल्या एका भल्या वकिलाने तिचा अर्ज लावला आणि मॅजिस्ट्रेटकडून हुकूम मिळवला, की नवऱ्याने वर्षभर तिच्या अंगाला हात लावायचा नाही, तिच्या दारात जायचं नाही. तो कागद घेऊन ती मलकापूरजवळच्या आमच्या गावी आली. आता सुटलो, असं तिला खरंच वाटत होतं. मलाही.

बाबा मला घेऊन ठाण्यात गेले, कारण घरात मीच तेवढी सातवी शिकलेली. जमादाराने कागद उलटसुलट करून पाहिला.

"हा तं हिंदीत हाय. मध्यप्रदेशचा. इकडचा शिक्का कुठी हाय याच्यावर?"

मी म्हटलं, "हुकूम तं हुकूमच असते ना, जमादारसाहेब."

"तो तिकडे. इकडच्या कोर्टातून आणा, मंग आमी येतो."

त्याआधी काही वर्षांपर्यंत दोन्ही गावं एकाच राज्यात होती. सरकारने मधे रेघ मारली आणि बहिणीचा हुकूम पलीकडे राहिला. नवऱ्याला मात्र ती रेघ ओलांडायला कुणाचा शिक्का लागला नाही. याची चीड मला अजून येते.

इकडच्या कोर्टात नुसत्या तारखा पडत राहिल्या. तेवढ्यात अधिकमास लागला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, न बोलावता आला तरी परतवून लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो नेमका त्याच महिन्यात आला, कोरं धोतर नेसून. ताई आतल्या खोलीत जाऊन बसली. मी म्हटलं, दार लावा.

"धोंड्याच्या महिन्यात जावई वापस लावू? गाव काय म्हणन?" बाबा म्हणाले. आणि गुपचूप सालदाराला ठाण्यावरही पिटाळलं. दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्यांची जुनी खोड.

या खेपेला जमादार खरंच आला. जावई पाटावर जेवत होता, बाबा आग्रह करत होते आणि मी तूप वाढत होते.

जमादार दारातच हसला. "तुमी याले तूप वाढून राह्यले, अन् मी बेड्या घालू काय? समजुतीनं घ्या."

मग त्याचंही पान मांडलं. तोही पोटभर जेवला.

हात धुऊन जावई म्हणाला, संध्याकाळच्या गाडीने हिला नेतो. जमादाराने मान डोलावली. बाबांनी ताईला हाक मारली.

स्टेशनवर जायच्या बैलगाडीत चढताना तिने मला विचारलं, "तू काऊन वाढलं त्याले?"

"बाबानं सांगतलं म्हणून."

"हाव," ती म्हणाली, आणि पदर सावरून बसली.

दिवाळीआधी निरोप आला, विहिरीवर पाय घसरून ताई गेली म्हणून. घसरला नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा पुन्हा ठाण्यात गेले. ती विहीर आमच्या हद्दीत येत नाही, असं जमादाराने सांगितलं, आणि बाबा घरी आले.